"किती शिस्तीची आहे हो तुमची मुलगी": परफेक्ट मुलं, जेवणाचे-व्यायामाचे विकार आणि आईवडिलांचा वाटा

थोरला_दादा:

माझ्या धाकट्या बहिणीला ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं कमी कमी करत जाण्याचा मनाचा आजार, आहे हे आमच्या घरात लक्षात यायला जवळपास वर्ष गेलं, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे त्या वर्षात तिचं सगळीकडून कौतुकच चाललं होतं. दहावीचं वर्ष, पहाटे उठून अभ्यास, संध्याकाळी कथक, आधी बाहेरचं खाणं बंद, मग साखर बंद, मैदा बंद, तेल बंद, मग रात्रीचं जेवण बंद, आणि रोज गच्चीवर सूर्यनमस्कार. काकू, आत्या, सोसायटीतल्या बायका, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं एकच, किती शिस्त आहे हो हिला, आमच्याकडच्यांना शिकवा जरा. आईलाही बरं वाटायचं, का नाही वाटणार. पाळी थांबली तेव्हा परीक्षेचं टेन्शन असेल असं सगळ्यांना वाटलं, केस गळायला लागले तेव्हा लोहाच्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी क्लासमध्ये चक्कर येऊन पडली तेव्हा कुणीतरी ईसीजी काढला.

आता ट्रीटमेंट चालू आहे. हे सगळं तिला विचारून लिहितोय.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. निदान झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी आईकडे बघतो. मामा म्हणाला तूच मार्कांच्या मागे लावलंस तिला. आजी म्हणते फार लाड केले, ताटात टाकलेलं चालवून घेतलं. दोन्ही आरोप एकाच बाईवर, एकाच दिवशी. आणि आता आई इतकी खचलीय की बहिणीला "अजून अर्धी पोळी घे" एवढं म्हणायची तिची हिंमत होत नाही, तिला वाटतं माझ्या बोलण्यानेच हे झालं तर आता आणखी कशाला बोलू. नेमकं तेच आत्ता तिने करायला हवंय असं डॉक्टर सांगतायत.

आमच्या घरात ९६ टक्के मिळाले की उरलेले चार कुठे गेले असं विचारायचे, हसत हसत विचारायचे पण विचारायचे. मलाही विचारायचे. मला काही झालं नाही, तिला झालं. मग घराचा वाटा मानायचा की नाही, आणि मानला तर किती? ज्यांना अनुभव आहे किंवा अभ्यास आहे त्यांनी प्लीज लिहा.

एक विनंती, वजनाचे आकडे, कॅलरीचे आकडे, कोण काय खात होतं त्याची यादी, असं काही लिहू नका. हा धागा वाचणाऱ्यांत आजारी मुलंमुली असणार आणि दुसऱ्याचा आकडा त्यांना स्पर्धेसारखा दिसतो.

निशिगंधा७:

दादा, आईला माझा नमस्कार सांगा. वाचतेय.

डॉ_कृष्णाकाठ:

मी सायकियाट्रीत काम करते, सांगली-मिरज भागात. थोरला_दादा, तुमच्या आईंना पहिल्यांदा हे सांगा की "आईमुळे हा आजार होतो" ही समजूत शेजाऱ्यांनी नाही, आमच्याच क्षेत्राने पसरवली. १९७० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला साल्वादोर मिनुचिन या फॅमिली थेरपिस्टने आणि त्यांच्या टीमने एक कल्पना मांडली की एकमेकांत फार गुंतलेलं, अती जपणारं, ताठर, भांडण टाळणारं असं एक विशिष्ट प्रकारचं घर असतं आणि त्यातून मुलाला आजार होतो. ऐकायला पटतं, म्हणून ते फार वर्षं टिकलं. पुढे नीट तपासल्यावर असा एकच साचा काही सापडला नाही. आणि असं बघा, घरातलं पोर समोर बसून जेवत नाहीये म्हटल्यावर कुठलंही घर गुंतलेलं, घाबरलेलं, ताठर दिसायला लागणारच ना, ते आजाराच्या आधीपासून तसं होतं हे कशावरून? शेवटी २०१० मध्ये ईटिंग डिसऑर्डर्स म्हणजे खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या ॲकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने लेखी भूमिका घेतली की कुटुंब हे या आजारांचं मुख्य कारण आहे असं मांडणारी थिअरी आम्हाला मान्य नाही.

तुम्हाला झालं नाही आणि बहिणीला झालं याचं उत्तर बरंचसं जन्मतःच्या घडणीत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत ॲनोरेक्सियाचा आनुवंशिक वाटा साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त निघतो. २०१९ मध्ये जवळपास १७ हजार पेशंटांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी तर होताच, पण शरीराच्या मेटाबोलिझमशी, म्हणजे शरीर अन्न कसं वापरतं त्याच्याशीही होता आणि जास्त हालचाल करण्याच्या प्रवृत्तीशीही होता. म्हणजे गच्चीवरचे सूर्यनमस्कार हा निव्वळ मार्कांचा परिणाम नाही.

परफेक्शनिझमचंही, म्हणजे सगळं अचूकच झालं पाहिजे या स्वभावाचंही, तसंच आहे. यातल्या खूप पेशंटांत तो स्वभाव आजाराच्या बऱ्याच आधीपासून दिसतो, पहिली-दुसरीत अक्षर खाडाखोड झालं की पान फाडून परत लिहिणारी मुलं. १९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट यांनी परफेक्शनिझम मोजायची एक प्रश्नावली केली, त्यात उंच ध्येयं वेगळी, चुकांची धास्ती वेगळी, आईवडिलांच्या अपेक्षा वेगळ्या आणि आईवडिलांची टीका वेगळी मोजली जाते. ॲनोरेक्सियाशी सगळ्यात घट्ट जोडलेली निघते ती चुकांची धास्ती. नुसतं मोठं ध्येय ठेवणं हा आजार नाही, चूक झाली की आपण माणूस म्हणूनच बाद झालो असं वाटणं हा त्यातला विषारी भाग.

मग घराचा वाटा शून्य का? नाही. दमा असलेल्या पोराच्या घरात चुलीचा धूर असावा तसं आहे हे. धुराने दमा जन्माला घातला असं कुणी म्हणणार नाही, त्याच धुरात वाढलेला भाऊ ठणठणीत असतो, पण दमा आहे म्हटल्यावर आपण धूर बंद करतोच. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या पालकांवरचा एक मोठा अभ्यास छापला. ज्या घरात आईवडील वजनाबद्दल बोलायचे त्या घरातल्या मुलांत उपाशी राहणं, उलट्या काढणं असले प्रकार जास्त होते. जिथे पौष्टिक काय असतं एवढंच बोलायचे, वजनाचा विषय काढायचे नाहीत, तिथे कमी होते. आपल्याकडे दिवाळीला पाया पडायला वाकलेल्या पोरीला पहिलं वाक्य काय ऐकू येतं ते आठवा. "अगं किती सुटलीस", नाहीतर "वा, बारीक झालीस की".

कोथरूडकर_काका:

कुणाला दुखवायचा हेतू नाही, माझीही नात बारा वर्षांची आहे म्हणून मुद्दाम वाचतोय. पण मनातलं विचारतो. आम्ही सहा भावंडं, ताटात टाकलं तर वडील उठू देत नसत, मार्क कमी पडले तर छडी. आमच्यापैकी कुणी जेवण सोडलं नाही. हे आजार पोटभर मिळायला लागल्यावर आले का? आणि मुलांना थोडीही टोचणी द्यायची नाही म्हटलं तर ती उभी कशी राहणार? जेवायचं नाही हा हट्ट आहे की आजार, हे घरच्यांनी ओळखायचं कसं?

डॉ_कृष्णाकाठ:

काका, तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

नवीन आजार नाही हा. लंडनमध्ये रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरने १६८९ मध्ये अशा पेशंटांचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. आपल्याकडे "मुलगी वाळत चाललीय", "अन्नावरची वासना उडाली" असं म्हणून देवधर्म, बाहेरची बाधा, क्षय, अशा वाटांनी पेशंट जायचे. आजही आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुली "मी जाड आहे" असं म्हणतच नाहीत, त्या म्हणतात पोट फुगतं, जेवलं की गच्च होतं, भूकच नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवलं होतं की जाडीची भीती न सांगणारा ॲनोरेक्सियाही असतो. म्हणून तो पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो.

हट्ट की आजार, यासाठी एक जुना प्रयोग सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण पुरुषांना, स्वखुशीने आलेल्या, सहा महिने जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. या पुरुषांना ना मार्कांचं टेन्शन ना बारीक व्हायची हौस. तरी काही महिन्यांत ते दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, एक ताट तासन्‌तास पुरवून खायला लागले, चिडचिडे, एकलकोंडे झाले. उपासमारीने मेंदू असा वागतो. त्यामुळे आजारी मुलगी स्वतः काही न खाता सगळ्यांसाठी केक करते, पोळीचे बारीक बारीक तुकडे करत बसते, साध्या बोलण्यावर फणकारते, तेव्हा ते नाटक किंवा हट्ट नसतो. आधी शरीराला अन्न मिळावं लागतं, मग मन समजूतदार होतं. उलट क्रम चालत नाही, आणि घरोघरी नेमका उलटा क्रम लावतात, आधी तिला पटू दे मग ती जेवेल.

टोचणीबद्दल रानजाईताईंनी मागे एका धाग्यावर फार नेमकं लिहिलं होतं, त्या इथे लिहितील का?

रानजाई:

लिहिते. मी आता पंचेचाळिशीला आलेय, आजार होता तेव्हा सोलापुरात कॉलेजात होते, नव्वदचं दशक. आमच्याकडे मारहाण नव्हती, ओरडा नव्हता, कुणी मला जाडी म्हटलं नाही. वडील चांगले होते, आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. फक्त एवढं होतं की चांगला निकाल आला की ते माझ्याशी खूप बोलायचे, शेजारी बसवून घ्यायचे, आणि वाईट आला की गप्प. शिक्षा म्हणून नाही, त्यांना वाईट वाटायचं म्हणून गप्प. मी ते गप्प राहणं मोजायला शिकले. छडी खाल्लेल्या मुलाला निदान कळतं की शिक्षा संपली, गप्प बसण्याला शेवट नसतो, तो आपणच काहीतरी मिळवून आणायचा असतो. कोथरूडकर काका, टोचणीचं मला एवढंच कळतं की टोचणी अभ्यासाला लागली तर मूल उभं राहतं, ती प्रेमाला जोडली गेली की मूल कायम परीक्षेतच बसलेलं राहतं.

आणि मार्क शेवटी आपल्या हातात नसतात हो, पेपर अवघड येतो, तपासणारा कंजूस निघतो. जेवण मात्र संपूर्ण आपल्या हातात असतं, किमान सुरुवातीला तसं वाटतं. नियम करायचा, तो पाळायचा, दिवस चांगला गेला. मग तोच नियम सोपा वाटायला लागतो, जे मला जमलं ते काय फार मोठं, म्हणून नवीन कडक नियम. असं करत करत जिन्याच्या कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा याचेही नियम झाले होते. मी त्या काळात खूश होते असं लोकांना वाटायचं कारण मी कधी तक्रार करायचे नाही.

आमच्या घरात उपवासाला कुणी नाही म्हणत नाही. सोमवार झाला, मग गुरुवार, मग चतुर्थी, दोन्ही एकादश्या, श्रावणात तर विचारूच नका, नवरात्र उठता-बसता. आजीला तर अभिमान होता माझा. साबुदाण्याची खिचडी केली तरी मी म्हणायचे माझा निर्जळी आहे. मला देवधर्माबद्दल वाईट बोलायचं नाही, मी आजही चतुर्थी करते, पण घरातली तरुण मुलगी अचानक उपवास वाढवायला लागली आणि उपवास सोडतानाही जेवत नसेल तर तिथे थांबून बघा, भक्तीला उपास सोडायची भीती नसते.

डॉ_कृष्णाकाठ:

रानजाईताई, तुम्ही जे "जमलं ते काय फार मोठं" लिहिलंत ना, त्यावर ऑक्सफर्डच्या रॉझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये लेख लिहिला. माणसाची स्वतःबद्दलची सगळी किंमत ध्येय गाठण्यावर टांगलेली असते, नुकसान होत असलं तरी तो थांबत नाही, ध्येय गाठलं तर ते सोपंच होतं असं म्हणून पट्टी वर सरकवतो आणि नाही गाठलं तर स्वतःला झोडपतो. दोन्हीकडून हरणंच. त्यांचं म्हणणं असं की ही पट्टी जेव्हा वजनावर, खाण्यावर लागते तेव्हा त्याला आपण ईटिंग डिसऑर्डर म्हणतो.

लातूरचा_पोर:

मी मुलगा आहे आणि मलाही झालंय, म्हणून लिहितोय, कारण सगळीकडे मुलगी मुलगीच लिहिलेलं असतं. नीटचा पहिला अटेम्प्ट गेला, दुसऱ्याची तयारी चालू होती. क्लासच्या भिंतीवर दर टेस्टचे रँक लागायचे. मी पळायला लागलो, आधी डोकं शांत व्हावं म्हणून, खरंच व्हायचं, मग एखाद्या दिवशी पळणं चुकलं तर अभ्यासच करता यायचा नाही, हात थरथरायचे, मग तेवढं खाणं कापायचो. पावसात पळालो, तापात पळालो, नडगीचं हाड दुखत होतं तरी पळालो, ते स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. वडिलांना क्लासमधल्या रँकचं वाईट वाटायचं पण पळण्याचं ते चारचौघांत सांगायचे, निदान यात तरी सातत्य आहे पोराचं. ते एक वाक्य मला वर्षभर पळवत होतं. त्यांना काय माहीत होतं, त्यांना वाटलं पोराला धीर देतोय.

प्लास्टर घातल्यावर मी बेडवर बसून हाताचे व्यायाम करत होतो. तेव्हा आईने डॉक्टरला विचारलं की हे बरोबर आहे का. तिने विचारलं म्हणून मी आज इथे आहे.

तलावकाठ:

मी ठाण्यात पोहायला शिकवतो, स्पर्धेची मुलं. लातूरच्या भावा, चांगलं केलंस लिहिलंस. आमच्याकडे व्यायामाचं वेड आणि जिद्द यातला फरक बाहेरून ओळखूच येत नाही, दोन्ही मुलं पहाटे साडेपाचला हजर. मी आता एकच बघतो, सुट्टी दिल्यावर काय होतं. जिद्दीचं पोर सुट्टी मिळाली की झोपतं, क्रिकेट खेळतं. दुसरं पोर विचारतं सर मग मी घरी काय करू, आणि उत्तर दिलं नाही तर कावरंबावरं होतं. दुखापत लपवतं. एकटं जास्तीचं करतं, कुणाला न सांगता. आणि आनंद नसतो हो चेहऱ्यावर, मेडल मिळालं तरी.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये यासाठी एक नाव पुढे आणलं, रेड-एस, म्हणजे खेळाडू जेवढी ऊर्जा खर्च करतो त्या मानाने खातच नाही, मग शरीर आपलं एकेक काम बंद करतं. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, वारंवार आजारी पडतात, दुखापती भरत नाहीत, परफॉर्मन्स घसरतो. आधी हे फक्त मुलींचं म्हणून बघायचे, आता मुलांनाही धरतात. पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग चांगलं चाललंय असं म्हणणारे कोच मी स्वतः ऐकलेत, आणि हे साफ चूक आहे, पाळी थांबली की डॉक्टर.

अमेरिकेची क्रिस्टी हेन्रिक नावाची जिम्नॅस्ट होती, तिच्या वजनाबद्दल एका परीक्षकाने टोकलं होतं, ती १९९४ मध्ये बावीस वर्षांची असताना गेली. आमच्या पालक-सभेत मी हे सांगतो आणि मग सांगतो की मुलांचं वजन सगळ्यांसमोर करायचं नाही, आणि स्कूटरवरून घरी जाताना रेसची चिरफाड करायची नाही. ती पंधरा मिनिटं पोर पाठीमागे बसलेलं असतं, उठून जाऊ शकत नाही. त्या वेळात भूक लागली का एवढंच विचारा.

डॉ_कृष्णाकाठ:

तलावकाठ सरांच्या मुद्द्याला जोडून. १९६७ मध्ये रूटेनबर्ग आणि कुझनेसॉफ यांनी उंदरांवर प्रयोग केला. रोज एक तासच अन्न दिलं तर उंदीर जुळवून घेतात. पण पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं तर तेच उंदीर खायचे कमी आणि पळायचे जास्त, थांबवलं नाही तर मरेपर्यंत. उंदरांना आईवडिलांच्या अपेक्षा नव्हत्या. उपासमार आणि पळणं एकत्र आलं की त्याला स्वतःचा वेग येतो, म्हणून "थोडं हलकं चालायला काय हरकत आहे" हे आजाराच्या भरात विचारायचं नसतं.

शांत_वाचक:

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी अकरावीत आहे. वर लिहिलंय त्यातलं बरंच माझं आहे. माझं वजन नॉर्मल दिसतं त्यामुळे कुणाला कळणार नाही आणि मला वाटतं मी पुरेशी आजारी नाहीये अजून. आईला सांगायचं तर तिला वाटेल तिने काहीतरी चुकीचं केलं. ती सकाळी पाचला उठून माझा डबा करते.

थोरला_दादा:

ताई, "पुरेशी आजारी नाही" हे वाक्य माझी बहीण ईसीजीच्या टेबलवर झोपलेली असतानाही म्हणत होती. तिने आत्ता माझ्या बाजूला बसून मला हे लिहायला सांगितलंय. आईला वाईट वाटेल, रडेलही, आणि तरी तिला कळलेलं बरं असतं, हे पण तीच सांगतेय. आजच सांग. सगळं नीट मांडता आलं पाहिजे असं नाही, हा धागा उघडून मोबाईल तिच्या हातात दिलास तरी चालेल.

डॉ_कृष्णाकाठ:

बाळा, वजनावरून हा आजार किती गंभीर ते ठरत नाही. वजन नॉर्मल असतानाही पल्स कमी होऊ शकतो, उलट्यांनी पोटॅशियम उतरू शकतं आणि ते थेट हृदयावर जातं. चक्कर, छातीत धडधड, बेशुद्ध पडणं यातलं काही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही, कॅज्युअल्टीत जायचं. एरवी या आठवड्यात एखाद्या डॉक्टरकडे, आणि तिथे बसलेला आणि उभा असा बीपी-पल्स, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, शुगर एवढं तपासा म्हणून सांगायचं. दिवसा जागेपणी पल्स ५० च्या खाली असेल तर तुझ्या वयाला ॲडमिट करायचा विचार करतात. खूप दिवस उपाशी असशील तर एकदम भरपूर खायला सुरुवात स्वतःहून करू नकोस, त्याचाही त्रास होऊ शकतो, डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि घरी बोलायला जमत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या नंबरवर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. इथेही लिहीत राहा.

लेस्टरकर:

मी इंग्लंडमध्ये असते, माझ्या मुलीची ट्रीटमेंट इथे झाली, ती आता बरी आहे, युनिव्हर्सिटीत आहे. थोरला_दादा, तुमच्या आईसाठी लिहितेय.

इथे किशोरवयीन मुलांना जी पद्धत आधी देतात ती लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात तयार झाली, कुटुंबाने करायची ट्रीटमेंट. पहिल्याच दिवशी थेरपिस्टने आम्हाला सांगितलं, हे का झालं ते आत्ता शोधायचं नाही, तुम्ही गुन्हेगार म्हणून इथे बसलेले नाही, तुमच्याशिवाय हे होणार नाही म्हणून बसलेले आहात. मला रडू कोसळलं. पहिल्या टप्प्यात मुलीच्या खाण्याचे सगळे निर्णय आईवडिलांचे, ताट आम्ही वाढायचं, समोर बसायचं, संपेपर्यंत बसायचं. दुसऱ्या टप्प्यात हळूहळू तिच्या हातात परत द्यायचं. तिसऱ्यात बाकीचं आयुष्य, मैत्रिणी, कॉलेज, आणि हो, परफेक्शनिझमसुद्धा, पण तो तिसऱ्यात, पोट भरल्यावर. अमेरिकेत २०१० मध्ये १२१ मुलांवर याची तुलना झाली होती, ट्रीटमेंट संपल्यावर एका वर्षाने कुटुंबाच्या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती आणि एकट्या मुलाच्या थेरपीत २३ टक्के. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, हे आकडेच सांगतात, पण ज्या आईला लोक आजाराचं कारण म्हणतायत तीच आई सगळ्यात चांगलं औषध निघते हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्या घरात हे करताना माझ्या मते दोन गोष्टी अवघड जातात. एक म्हणजे पाहुणे. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्या प्रेमाने म्हणायच्या राहू दे गं, नको तिला जबरदस्ती, आणि तेवढ्यात ताट उचललं जायचं. नवऱ्याने त्यांना बाजूला बसवून सांगितलं की जेवताना हिच्याशी फक्त मी आणि ही बोलू. दुसरं म्हणजे स्वतः आई जेवत नाही. आपण सगळ्यांना वाढून उरलेलं खातो किंवा उपवास असतो. माझ्या मुलीने विचारलं तू का नाही जेवत मग. त्या वर्षी मी एकही उपवास केला नाही आणि तिच्यासमोर बसून तूप घालून वरणभात खाल्ला.

कोथरूडकर_काका:

सगळं नीट वाचलं. नातीच्या शाळेचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे. तिला निकालाच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी आईस्क्रीमला नेणार आहे. डॉक्टर आणि रानजाईताई, आभार.

शांत_वाचक:

आईला दाखवलं. ती आत्ता बाबांशी बोलतेय. उद्या डॉक्टरकडे चाललोय.

निशिगंधा७:

किती बरं वाटलं वाचून. उद्या जमलं तर लिही, नाही जमलं तरी चालेल.

थोरला_दादा:

आईने पूर्ण धागा वाचला, लेस्टरकर ताईंचा दोनदा वाचला. मामाचा फोन आला होता, तिने मलाच घ्यायला लावला, म्हणाली आता मला वेळ नाही, तिची जेवायची वेळ झालीय. तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत लिहितो. "बाकी सगळं खाते, शेवटचे दोन घास ठेवते आणि म्हणते आता बास, पोट दुखतंय. ते दोन घास सोडून द्यायचे की धरून बसायचं? सोडले तर उद्या तीन राहतात. धरले तर रडते."

लेस्टरकर:

काकू, धरून बसा. रडली तरी बसा, पण भांडू नका, समजावू नका, पोटात दुखतंय हे खोटं आहे असंही म्हणू नका, कारण खरंच दुखत असतं, इतके दिवस रिकामं राहिलेलं पोट हळू चालतं. फक्त म्हणा, मला माहितेय दुखतंय, मी इथेच आहे, हा घास घे. तेच तेच वाक्य, त्याच आवाजात. टीव्ही लावा, पत्ते घ्या, दादाला बडबड करायला सांगा. गार झालं तर गरम करून आणा. आणि उद्यापासून ताट तिला न दाखवता वाढा, तिने मागून घ्यायचं नाही. जेवण झाल्यावर लगेच उठू देऊ नका, अर्धा तास बाजूला बसवा, बाथरूमला जायचं असेल तर जेवायच्या आधी. पहिले काही आठवडे फार जड जातात, तेव्हा दादांनी एक जेवण स्वतःकडे घ्यावं म्हणजे तुम्हाला जरा पडता येईल. रोज काय होतंय ते इथे लिहा, मी रात्री उशिरापर्यंत जागी असते.